कोड लिहिला एकाने, मालक कोण? सॉफ्टवेअर कंपन्या आणि बौद्धिक संपदा कायदा

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

सॉफ्टवेअर कंपनीची बौद्धिक संपदा म्हटलं की गाडी थेट पेटंटवर जाते. भारतातल्या छोट्या-मध्यम कंपनीला खरा आधार असतो तो कॉपीराइटचा, आणि घोळही तिथेच होतात. म्हणून सुरुवात तिथून.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम २(ओ): कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’. हसू नका, कायद्याच्या लेखी तुमची पायथन फाइल आणि कवितासंग्रह एकाच पंगतीत बसतात. कोड लिहिला की हक्क आपोआप लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या कोडला. ‘हप्ते मोजणारं ॲप’ या कल्पनेला ते मिळत नाही.

हा हक्क कोणाचा? कलम १७(सी): पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक म्हणजे त्याला नोकरीवर ठेवणारी कंपनी, वेगळा करार नसेल तर. फ्रीलान्सरचं तसं नाही. त्याला पैसे दिले, इनव्हॉइस आलं, जीएसटी भरला, तरी कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, जोवर तो लेखी करून आणि सही करून कंपनीला देत नाही. हे कलम १९.

नेटवरून उचललेल्या करारांत साधारण असं वाक्य असतं:

«काम पूर्ण झाल्यावर व पैसे मिळाल्यावर सर्व सोर्स कोड कंपनीच्या ताब्यात दिला जाईल.»

यात चार भोकं आहेत. ‘ताब्यात देणं’ म्हणजे फाइल देणं, हक्काचा उल्लेखच नाही. ‘दिला जाईल’ हे पुढचं आश्वासन झालं, हस्तांतरण झालं नाही. मुदत लिहिली नाही, तर कलम १९(५) प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर १९(६) प्रमाणे फक्त भारत. म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकाला विकायला बनवलेल्या उत्पादनाचे अमेरिकेतले हक्क फ्रीलान्सरकडेच, आणि भारतातलेही पाच वर्षांनी त्याच्याकडे परत.

त्याऐवजी असं काहीतरी हवं:

«परिशिष्ट अ मधील सॉफ्टवेअरच्या (सोर्स कोड, ऑब्जेक्ट कोड, डेटाबेस रचना, स्क्रीन व दस्तऐवज यांसह) कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ खालील सर्व हक्क डेव्हलपर या कराराद्वारे, रु. ____ मोबदल्यात, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी कंपनीकडे हस्तांतरित करत आहे. कंपनीने एखादा हक्क एका वर्षात वापरला नाही तरी तो डेव्हलपरकडे परत जाणार नाही.»

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. कलम १९(४) सांगतं की हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरला नाही तर हस्तांतरण संपतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. दोन वर्षं शेल्फवर पडून राहिलेलं मॉड्यूल असेल तर हीच ओळ वाचवते.

---

सेमीकोलन

चांगला धागा. एक भर: फाउंडरचा स्वतःचा कोड. कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी सहा-आठ महिने दोघं-तिघं घरी बसून लिहितात. तेव्हा कंपनीच अस्तित्वात नसते, त्यामुळे १७(सी) लागू होत नाही. गुंतवणूकदाराच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रत्येक फाउंडरकडून स्वतंत्र हस्तांतरण करार घ्यायचा, परिशिष्टात रेपोचं (कोडच्या साठ्याचं) नाव आणि शेवटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, लिहायचा. शेअर वाटपाच्या करारात एक ओळ घुसडून भागवू नये.

डायरेक्टर म्हणजे आपोआप नोकर, हाही गैरसमज. नेमणूकपत्र आणि पगार नसलेला डायरेक्टर कोड लिहीत असेल तर त्याच्याकडूनही लेखी घ्या. इंटर्नचं तेच. स्टायपेंड दिलं म्हणजे नोकरीचा करार झाला असं कोर्ट मानेलच असं नाही.

---

गल्लीतला_गुगल

कॉपीराइटच्या नोंदणीबद्दल कोणी सांगेल का? नोंदणी नसेल तर केस उभीच राहत नाही असं सीएंनी सांगितलंय.

---

कलमबहाद्दर

सीए जुन्या निकालावर बोलत असावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१२ मध्ये नोंदणी सक्तीची असल्याचं म्हटलं होतं. मार्च २०२१ मध्ये ‘संजय सोया’ प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी तो निकाल चुकीच्या पायावर असल्याचं ठरवलं. प्रकरण खाद्यतेलाच्या पाकिटावरचं होतं, पण तत्त्व तेच: दावा लावायला नोंदणी लागत नाही.

तरी करून घ्या, स्वस्त आहे. कलम ४८ खाली नोंदवहीतला मजकूर प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. क्रम असा:

फॉर्म १४ ऑनलाइन भरायचा, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. सोबत तपशीलपत्र आणि पुढील तपशीलपत्र. अर्जदार कंपनी आणि लेखक व्यक्ती असेल तर लेखकाचं ना-हरकत पत्र. डायरी क्रमांक मिळतो, मग ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग तपासनीस फाइल बघतो आणि त्रुटी काढतो.

कोड जोडताना बहुतेक जण अडखळतात. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर सोर्स कोडची किमान पहिली दहा आणि शेवटची दहा पानं लागतात. एकूण वीसपेक्षा कमी असतील तर सगळी. आणि त्यात काही काळं करता येत नाही, झाकता येत नाही. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली थेट कोडमध्ये लिहिलेली असेल तर ती तशीच सरकारी फाइलमध्ये जाते. आधी ते सगळं बाहेरच्या कॉन्फिग फाइलमध्ये काढा, मग पीडीएफ करा. सुरुवातीची पानं म्हणून उघड्या परवान्याच्या (ओपन सोर्स) लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, फाइल्सही जोडू नका; त्या तुमच्या नाहीतच.

आवृत्ती ३ मध्ये निम्मा कोड बदलला असेल तर तिची वेगळी नोंदणी करणं शहाणपणाचं.

---

बायनरी_बंड्या

हे सगळं ठीक, पण कॉपीराइटने अल्गोरिदम (काम करायची पायरी-पायरीची रीत) वाचत नाही ना. स्पर्धक बघून बघून स्वतः लिहील. मग पेटंटच घ्यायला हवं. अमेरिकेत सगळे घेतात.

---

कलमबहाद्दर

पेटंट कायदा १९७०, कलम ३(के): गणिती पद्धत, व्यवसाय पद्धत, ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅम पर से’ (म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम) आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. २००४ च्या वटहुकमात ‘उद्योगातील तांत्रिक उपयोग वगळता’ अशी सूट घालून पाहिली होती, २००५ च्या कायद्यात संसदेने ती काढून टाकली. ‘पर से’ या दोन शब्दांवर तेव्हापासून सगळ्यांची भाकरी भाजतेय.

फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की शोधात तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल, तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येणार नाही. पेटंट कार्यालयाच्या २०१७ आणि २०२५ च्या मार्गदर्शक सूचना याच प्रश्नाभोवती फिरतात.

व्यवहारात: ‘भाडेकरूंमध्ये वीजबिल वाटणारी पद्धत’ हे व्यवसाय पद्धतीत अडकेल. ‘कमी मेमरीच्या उपकरणावर चित्र उलगडताना बफर असा वापरणं की प्रोसेसरवरचा ताण घटतो’ याला आशा आहे, पण तपशीलात आधीचे आणि नंतरचे आकडे, आकृत्या, टप्पे सगळं हवं. नुसता ‘प्रोसेसर आणि मेमरी असलेली प्रणाली’ असा दावा चिकटवून तांत्रिक परिणाम तयार होत नाही.

आणखी तीन गोष्टी, ज्यात पैसे वाया जातात. एक, अर्जाआधी डेमो, ब्लॉग, गिटहब (कोड ठेवायचं संकेतस्थळ), परिषदेतलं सादरीकरण काहीही जाहीर झालं की नावीन्य गेलं. भारतातली १२ महिन्यांची सवलत फार अरुंद आहे, सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांपुरती. दोन, अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट नाकारलं गेलं तरी तुमची युक्ती तोवर जगाने वाचलेली असते. तीन, कलम ३९: भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय थेट अमेरिकेत अर्ज करायचा नाही, आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा परदेशी अर्जाची परवानगी घ्यायची. मोडलं तर कलम ११८ खाली शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

ऑनलाइन अर्जाचं शुल्क स्टार्टअप व लहान घटकांना १,६००, इतरांना ८,०००. तपासणीच्या विनंतीला ४,००० आणि २०,०००. वकिलाची फी यापेक्षा कितीतरी जास्त असते, ती धरून हिशेब करा. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे जातात.

---

तळटीप

अमेरिकेचंही चित्र पहिल्यासारखं नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘ॲलिस’ निकालानंतर व्यवसाय पद्धतीला कॉम्प्युटरची जोड दिली म्हणून पेटंट मिळणं तिथेही अवघड झालंय.

आणि ‘बघून बघून लिहील’ हे बऱ्याच अंशी कायदेशीरच आहे, त्यावर चिडून उपयोग नाही. कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवर प्रोग्रॅम कसा चालतो ते निरखणं, तपासणं आणि त्यामागची कल्पना समजून घेणं याला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एसी) परवानगी देतं. दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती काढायला ५२(१)(एबी). युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ‘सास’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात प्रोग्रॅमचं कार्य आणि प्रोग्रॅमिंगची भाषा यांना कॉपीराइट नसल्याचं सांगितलं. गूगलने अँड्रॉइडमध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इंटरफेसच्या (इतर प्रोग्रॅमना जोडून घेणाऱ्या कोडच्या) सुमारे ११,५०० ओळी उचलल्या होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला ‘उचित वापर’ म्हटलं. इंटरफेसला कॉपीराइट आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी चतुराईने बाजूला ठेवला.

---

आडवाटकर

मग उरतं गोपनीयतेचं. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात मसुदा दिलाय. आत्ता सगळं करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वांवर चालतं.

इथे कंपन्यांचा लाडका भ्रम म्हणजे ‘सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही’. करार कायदा १८७२ चं कलम २७ असं बंधन निरर्थक ठरवतं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचं गोलिकरी प्रकरण (१९६७) लोक उलट उदाहरण म्हणून देतात, पण तिथे बंधन पाच वर्षांच्या नोकरीच्या मुदतीतलं होतं, म्हणून टिकलं. करार संपल्यानंतरचं बंधन चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये झहीर खानच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं. तिथे वाद क्रिकेटपटूच्या जाहिरात कराराचा होता.

चालतं ते हे: गोपनीय माहिती नेमकी कोणती याची व्याख्या आणि ती वापरायची नाही हे बंधन. ‘कंपनीची सर्व माहिती गोपनीय’ असं लिहिलं की न्यायाधीश भुवई उंचावतात. किंमत ठरवणारं मॉड्यूल, ग्राहकांची यादी, मॉडेलचे वेट्स, डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट अशी नावं घाला. आणि ती खरंच जपल्याचं दिसलं पाहिजे. चाळीस जणांना कोडच्या मुख्य प्रतीत (मेन ब्रँच) बदल करायची परवानगी असेल, तर ‘गुपित’ म्हणायला तोंड उरत नाही.

ग्राहकांच्या यादीला कॉपीराइटचाही आधार आहे. बर्लिंग्टन होम शॉपिंग (दिल्ली, १९९५) मध्ये मेहनतीने तयार केलेल्या ग्राहक डेटाबेसला संरक्षण मिळालं. अर्थात सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी निकालानंतर नुसती मेहनत पुरत नाही, थोडी सर्जनशीलताही दाखवावी लागते.

---

सेमीकोलन

राजीनाम्याच्या दिवसाबद्दल लिहायलाच हवं. पुरावा तिथेच मरतो.

माणूस जातो, आयटीवाला त्याच संध्याकाळी लॅपटॉप फॉरमॅट करून सोमवारी नव्या भिडूला देतो. तीन महिन्यांनी स्पर्धकाकडे आपलाच कोड दिसतो, चुकलेल्या स्पेलिंगच्या कॉमेंटसकट, आणि दाखवायला काहीच नसतं.

संवेदनशील कोडवर काम करणारा सोडत असेल तर लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा, उघडून फाइल्स चाळू नका (तारखा बदलतात). डिस्कची बिट-बिट प्रत काढा, तिचा शा-२५६ हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा) लिहून ठेवा, कोणी कधी हाताळलं याची नोंद ठेवा. रेपोचा क्लोन-लॉग (कोडची प्रत कोणी कधी उतरवली याची नोंद), व्हीपीएन लॉग आणि ईमेलचा लॉग उतरवून घ्या, कारण बऱ्याच सेवा ते काही महिन्यांतच पुसून टाकतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या ६५बी प्रमाणपत्राची जागा आता दोन भागांच्या प्रमाणपत्राने घेतलीय: भाग अ उपकरण हाताळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. हॅश त्याच दिवशी काढलेला नसेल तर समोरचा वकील ‘मधल्या काळात काय झालं?’ एवढंच विचारतो.

---

बायनरी_बंड्या

पोलिसांत जाता येतं का?

---

कलमबहाद्दर

येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निटप्रो प्रकरणात स्पष्ट केलं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५०,००० ते दोन लाख. आयटी कायद्याच्या कलम ४३(जे) मध्ये नुकसान करण्याच्या हेतूने सोर्स कोड चोरणं येतं, ६६ मध्ये त्याची शिक्षा. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव निर्णय अधिकारी असतात, हे फार थोड्या कंपन्यांना माहीत असतं.

पण धंदा थांबवायचा असेल तर दिवाणी मनाई हुकूमच लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे वादी जिथे व्यवसाय करतो तिथे दावा लावता येतो. व्यापारी न्यायालयात त्या न्यायालयांच्या कायद्यातल्या कलम १२ए ची सक्तीची मध्यस्थी आडवी येते, तातडीचा अंतरिम दिलासा मागितला असेल तरच ती टळते. आणि तातडी म्हणायची तर उशीर करून चालत नाही. जानेवारीत कळलं, ऑगस्टमध्ये दावा, यात तातडी दिसत नाही. मधले सात महिने ‘सेटलमेंटची बोलणी’ चालू होती असं सांगून फारसं भागत नाही.

कोड गिटहबवर उघडा टाकलेला असेल तर तिथे अमेरिकन कायद्याखालची काढून टाकण्याची नोटीस जलद लागू पडते. प्रत्येक फोर्कचा (इतरांनी केलेल्या प्रतीचा) पत्ता वेगळा लिहा, नाहीतर मूळ रेपो जातो आणि प्रती तशाच राहतात. भारतीय कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे तक्रारीनंतर मध्यस्थ सेवेने (मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने) ३६ तासांत प्रवेश बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो.

---

मुक्तछंद

उघड्या परवान्यांचा विषय कोणी काढला नाही, आश्चर्य आहे. स्वतःच्या मालकीचा दावा लावायचा आणि आत जीपीएल या उघड्या परवान्याचा कोड निघायचा, यासारखी नाचक्की नाही.

एमआयटी परवाना असेल तर कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत द्या, बस. अपाची २.० सोबत पेटंटचा परवानाही मिळतो, आणि त्या सॉफ्टवेअरवरून तुम्ही पेटंटचा दावा लावलात तर तो संपतो. जीपीएल कोड असलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं की त्यावर आधारलेल्या तुमच्या भागाचाही सोर्स द्यावा लागतो. सर्व्हरवर चालवून फक्त सेवा दिलीत तर जीपीएल गप्प बसतं. ती पळवाट एजीपीएल बंद करतं: कलम १३ प्रमाणे बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे.

उल्लंघन झालंच तर जीपीएलच्या आवृत्ती २ मध्ये परवाना आपोआप संपतो. आवृत्ती ३ जरा दयाळू आहे: पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत सुधारलंत तर हक्क परत.

कोडमधले परवाने शोधणारी स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी यांसारखी साधनं प्रत्येक रिलीजच्या आधी चालवा. नुसती पॅकेज यादी पुरत नाही, कारण कोणीतरी फंक्शन कॉपी-पेस्ट करून आपल्या फाइलमध्ये ठेवलेलं असतं आणि वरची परवान्याची ओळ तेवढी उडवलेली असते.

---

गल्लीतला_गुगल

ट्रेडमार्कचं थोडक्यात सांगाल का? नाव मराठीत ठेवायचंय.

---

आडवाटकर

डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग ९, ऑनलाइन सेवा म्हणून दिलं तर वर्ग ४२. दोन्ही करत असाल तर दोन्ही वर्ग. ऑनलाइन अर्जाला दर वर्गाला ४,५०० (व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग) किंवा ९,०००. जर्नलमध्ये आल्यावर चार महिने विरोधासाठी, नोंदणी दहा वर्षं.

मराठी नाव असेल तर अर्जात भाषा आणि नेमका अर्थ लिहा. आणि ‘सोपं बिल’, ‘हिशेबवही’ अशी नावं ठेवू नका. वर्णनात्मक शब्द मराठीत लिहिला म्हणून तो वर्णनात्मक राहत नाही असं नाही, ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ तिथेही लागतं.

---

सेमीकोलन

मूळ मुद्द्याकडे. पाच वर्षांपूर्वीचे तीन फ्रीलान्सर, लेखी करार नाही, आता कंपनी विकायची आहे. अशा वेळी काय?

---

तळटीप

आधी गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) लेखक-यादीतून सगळे ईमेल काढा आणि शेजारी करारांची यादी ठेवा. ज्या नावासमोर कागद नाही त्याच्या फाइल्स गिट ब्लेमने (कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आज्ञेने) मोजा. बऱ्याचदा तीनपैकी एकाचा सगळा कोड आधीच बदलला गेलेला असतो.

उरलेल्यांकडून आता पुष्टीचा हस्तांतरण करार घ्या, त्यात मोबदल्याची नवी रक्कम लिहा, कितीही लहान असो. विक्रीची बातमी फुटायच्या आत घ्या. नंतर किंमत वाढते. जो सापडत नाही किंवा सही करत नाही, त्याच्याबाबत वापरण्याचा गर्भित परवाना होता असा युक्तिवाद करता येतो, पण परवाना म्हणजे मालकी नाही आणि खरेदीदाराला मालकी हवी असते. त्याचं मॉड्यूल दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घ्यायचं: एकाने फक्त काय करतं याचा दस्तऐवज लिहायचा, आणि जुना कोड न पाहिलेल्या दुसऱ्याने त्यावरून बांधायचं. दोघांच्या नोंदी ठेवा.

---

बायनरी_बंड्या

ब्लेम बघितलं. सगळा कोड एकाच माणसाच्या नावावर दिसतोय, ‘पहिला कमिट’, ४१२ फाइल्स.

---

तळटीप

म्हणजे रेपो हलवताना कोणीतरी इतिहास न आणता नुसत्या फाइल्स उचलून ठेवल्यात. जुना सर्व्हर, बॅकअप, जुन्या लॅपटॉपवरचे क्लोन, कुठे मिळतो ते बघा. तो सापडेपर्यंत हस्तांतरण कराराच्या परिशिष्टात काहीही लिहू नका.